सरांवर लिहायला बसशील तेव्हा

प्रिय पोरी,

आजोबांच्या वर्षश्राद्धाला काढायच्या स्मरणिकेसाठी तू लिहिलेला मजकूर मिळाला. रात्री वाचला, सकाळी चहा घेता घेता पुन्हा वाचला. शुद्धलेखन चोख आहे. ते मीच शिकवलंय, तेव्हा त्याचं कौतुक करत बसत नाही. बाकी सगळं मात्र परत पाठवतेय. राग मानू नकोस, मानलास तरी दोन दिवसांत उतरेल.

पहिल्याच परिच्छेदात तू त्यांना निगर्वी, व्यासंगी, कुटुंबवत्सल, हरहुन्नरी आणि हाडाचे शिक्षक म्हटलं आहेस. यातलं काहीही खोटं नाही. पण नाव बदलून हाच परिच्छेद कराडातल्या कुठल्याही निवृत्त गुरुजींच्या फोटोखाली छापला, तर छापखान्यातल्या माणसालासुद्धा चूक कळायची नाही. शोकसभांना बसून बसून मला एक सवय लागली आहे. वक्ता विशेषणांवर आला की मी ओळखते, याला गेलेल्या माणसाबद्दल फारसं काही माहीत नाही. तुला तर माहीत आहे. मग तू का लपतेस?

तुझे आजोबा, म्हणजे आमचे सर, मुलांना कसं लिहायला लावायचे ते सांगते, कारण तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला होता. शहात्तर वर्षांनी येणारा पाहुणा म्हणून वर्तमानपत्रांनी महिनोन् महिने गाजवला होता. आता पुढचा २०६१ ला, तो तू बघशील. मार्चमध्ये पहाटे मुलांना शाळेच्या गच्चीवर बोलावलं होतं. कुडकुडत, डोळे चोळत पोरं आली. आग्नेयेला खाली पाहिलं तर काय, एक धुरकट पुंजका! ना झळाळती शेपूट, ना काही. निम्मी पोरं रडकुंडीला आली. सरांनी सगळ्यांना वह्या काढायला लावल्या आणि दिसलं ते काढा म्हणाले. एका पोराने पानभर पिसारा फुलवला. सर वाकून म्हणाले, "हे तुला दिसलं?" पोरगं म्हणालं, "पेपरात होतं." सर शांतपणे म्हणाले, "मग पेपराची वही वेगळी करू. ह्या वहीत आपला धूमकेतू."

तुझ्या मजकुरातले आजोबा पेपरातले आहेत, पोरी. तुला दिसलेले आजोबा काढ.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंयस, "आजोबांनी घरच्या घरी दुर्बीण बनवली." झालं, एका ओळीत संपलं. अगं, स्मरणिकेतली तीन पानं या एका गोष्टीला दिलीस तरी मी हरकत घेणार नाही. ती दुर्बीण लोकांनी पाहिली आहे, तिच्यातला आरसा होताना फार थोड्यांनी पाहिला. मी त्यातली एक, कारण तेव्हा आमचं घर तुमच्या परसाला लागून होतं.

मुंबईच्या चोरबाजारातून जहाजाच्या खिडकीची जाडजूड काच आणली होती. तिच्यातून सहा इंचाच्या दोन गोल चकत्या काढून घेतल्या. परसात पत्र्याचं पिंप होतं. ते जागचं हलू नये म्हणून पाण्याने काठोकाठ भरलं, वर फळी टाकली आणि फळीवर एक चकती ठोकळ्यांमध्ये पक्की केली. तिच्यावर काच झिजवणारी कार्बोरंडमची पूड, थोडं पाणी आणि वर दुसरी चकती. वरची पुढे-मागे घासायची, काही घासांनंतर ती जराशी फिरवायची, आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं, की पुन्हा घास. वरचीच्या मध्यावर घर्षण जास्त होतं आणि खालचीच्या कडेला, म्हणून वरची हळूहळू खोलगट होते आणि खालची फुगीर. कुठलंही यंत्र नाही. दोन काचा एकमेकींना गोल करतात, आपण नुसतं फिरायचं. नाभीय अंतर, म्हणजे ताऱ्याचा उजेड आरशापासून जिथे गोळा होतो तिथवरचं अंतर, ४८ इंच हवं असेल तर सहा इंची काचेच्या मधोमध खोली किती लागते ठाऊक आहे? सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. त्या सव्वा मिलिमीटरसाठी अख्खा पावसाळा गेला.

पुडीची भरड ते बारीक अशी उतरंड असते. ८० नंबरपासून सुरुवात, मग १२०, २२०, असं करत पार १००० पर्यंत. नंबर बदलताना पिंप, फळी, हात, नखं, सगळं धुवायचं. भरड पुडीचा एक कण जरी मागे राहिला तरी बारीक घासाईत काचेवर ओरखडा उठतो आणि मग मागच्या नंबरावर परत. सर त्या दिवशी सदरासुद्धा बदलायचे. पुढे पॉलिशसाठी राळ आणि टर्पेंटाईन एकत्र वितळवून त्याची गादी ओतली, थंड होता होता तिच्यावर चौकडीच्या खाचा पाडल्या आणि सेरियम ऑक्साईडचं गुलाबीसर पाणी लावून तिच्यावर काच घासली. राळ नेमकी किती मऊ हवी, ते सर अंगठ्याचं नख दाबून ठरवायचे. हे सगळं तुमच्या स्वयंपाकघरात. त्यात आजीचं एक पातेलं कायमचं गेलं. ते कुठलं, हे आजी अजून सांगेल.

आणि मग रात्रीची तपासणी. लेओं फूको नावाच्या फ्रेंच माणसाने १८५८ च्या सुमारास शोधलेली ही युक्ती इतकी साधी आहे की ऐकताना विश्वास बसत नाही. आरसा एका टोकाला उभा करायचा. नाभीय अंतराच्या दुप्पट, म्हणजे आठ फुटांवर, डब्याला सुईने भोक पाडून आत दिवा ठेवायचा. आरशावरून परत येणारा उजेड जिथे एका टिंबात गोळा होतो, तिथे दाढीचं ब्लेड हळूच आडवं सरकवायचं आणि ब्लेडला डोळा लावून आरशाकडे बघायचं. गुळगुळीत वाटणाऱ्या त्या काचेवर सावल्या पडतात आणि डोंगर, खळगे, घसरलेली कड, सगळं उघडं पडतं. ते डोंगर किती उंच? मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे! मी मराठीची बाई, मला त्यातलं गणित कळलं नाही. पण सरांनी आरशावर थोडा वेळ अंगठा दाबून धरला आणि मला ब्लेडमागून बघायला लावलं. अंगठ्याच्या जागी टेकाड उभं होतं. अंगठ्याच्या उबेने काच फुगली होती. बघता बघता ते बसलं. तेवढं मात्र मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आता विचार कर, अंगठ्याची ऊब जिथे चालत नाही, तिथे पेटलेली चूल चालेल का? तुमच्या घरात आठ फुटांची सरळ जागा एकच, स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंतचा बोळ. हवा जरा तापली की सावल्या नाचायला लागत. म्हणून तपासणीच्या दिवशी स्वयंपाक उन्हं असतानाच उरकायचा, स्टो विझवायचा, मुलांनी बोळातून ये-जा करायची नाही. तुझे वडील तेव्हा शाळकरी होते. गार पिठलं-भाकरीची त्यांची तक्रार मी भिंतीपलीकडून ऐकलेली आहे.

तुझ्या मजकुरात एक माणूस राहून गेलंय, ते इथे. सर शाळेतून पाचला यायचे. दुपारभर पिंपाभोवती कोण फिरत होतं असं तुला वाटतं? त्या आरशाचे निम्मे फेरे तुझ्या आजीने मारलेत. सुरुवातीला सर घरी नसताना काम अडून राहू नये म्हणून, आणि पुढे तिला ते आवडायला लागलं म्हणून. पूड ताजी असताना काच खरखर आवाज करते, कण झिजले की आवाज बारीक होतो. पूड संपली हे सरांच्या आधी तिला कळायचं. ती आतून, कणीक मळता मळता ओरडायची, "अहो, नुसतीच काच घासताय!" आणि गावात आजतागायत त्याला ‘सरांचा आरसा’ म्हणतात. सर स्वतः कधी तसं म्हणाले नाहीत, हेही लिही.

म्हणाले नाहीत याला कारण होतं. नववीच्या वर्गाला ते दर वर्षी हर्शेलची गोष्ट सांगत. विल्यम हर्शेल, इंग्लंडात बाथ गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, संगीताच्या शिकवण्या करून पोट भरणारा माणूस. दुर्बिणीचे आरसे घरीच घासायचा, आणि अशाच घरगुती दुर्बिणीतून त्याने १३ मार्च १७८१ ला युरेनस गाठला. एवढं पाठ्यपुस्तकात असतं. सर पुढचं सांगायचे. त्याची बहीण कॅरोलाइन. एका आरशाचं पॉलिश चालू असताना तो सोळा तास हात उचलेना, तेव्हा हिने त्याच्या तोंडात घास भरवले. धातूचा आरसा ओतायच्या साच्यासाठी लागणारी घोड्याची लीद कुटून चाळायचं कामही हिच्याकडे होतं. आणि नुसती भरवत, चाळत बसली नाही. १७८६ पासून तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले, आणि १८२८ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिलं. सर विल्यमला पाच मिनिटांत गुंडाळायचे आणि उरलेला तास कॅरोलाइनला द्यायचे. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत असले तरी माझा एक कान तिकडे असायचा.

तेव्हा आधी आजीशी बोल. फोन समोर ठेवून ‘आजी, आठवणी सांग’ असं करू नकोस, ती लगेच ‘फार देवमाणूस होते’ म्हणेल आणि गप्प बसेल. मेथी निवडायला घे तिच्याबरोबर आणि सहज विचार, पातेलं कुठलं गेलं.

शाळेबद्दल तू लिहिलंयस, "विद्यार्थिप्रिय होते." बरं. पण का? ते सांगते. आपल्याकडे हाताने शिकायच्या गोष्टी फार झाल्या. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं, साठच्या दशकात कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला, वेळापत्रकात तास आला. आला आणि बहुतेक ठिकाणी गणिताचा राहिलेला पोर्शन त्या तासाला घुसला. सरांनी तो तास कुणाला दिला नाही. विज्ञानाचे असूनसुद्धा कार्यानुभव मागून घेतला आणि वाचनालयातली फाटकी पुस्तकं मुलांच्या पुढ्यात टाकली. पुस्तक उसवायचं, जुड्या वेगळ्या करायच्या, फाटक्या पानांना पातळ कागद लावायचा, पाठीवर करवतीने खाचा घ्यायच्या, जाड दोऱ्याने शिवायचं, पुठ्ठा, पाठीला कापड, आणि रात्रभर विटांखाली. मैद्याची खळ शिजवताना तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून तास संपला की प्रत्येकाने हात दाखवायचे. त्या निळसर हातांच्या रांगेत पुढे डॉक्टर झालेले आहेत आणि कराडच्या मार्केट यार्डात हमाली करणारेही आहेत. आपण बांधलेलं पुस्तक दोघेही कपाटातून बरोबर काढून दाखवतात. शाळेत जाऊन वाचनालयाचं ते कपाट बघून ये. बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही.

सुतारकाम मात्र ते शिकवत नव्हते, शिकत होते. दुर्बिणीचा सागवानी घोडा, म्हणजे तिला पेलणारा स्टँड, करायचा होता, तेव्हा एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडे, मिस्त्रींकडे, रविवारी जाऊन जमिनीवर बसायचे. हेडमास्तरांना ते बरं दिसत नव्हतं. सरांना बरंवाईट दिसण्याशी कर्तव्य नव्हतं. मिस्त्री त्यांना सांगायचे, "गुरुजी, लाकडाची रेघ बघा आन् मग रंधा मारा. उलटा मारला की सालपं उचकटत्यात." सोमवारी वर्गात सर हेच मिस्त्रींचं नाव घेऊन सांगायचे आणि त्या पोराची मान ताठ व्हायची. मला विचारशील तर त्यांच्या सगळ्या शिकवण्यात मला हे सर्वात मोठं वाटतं. दुर्बिणीपेक्षाही.

बाकीचे छंद पटापट आटप. घड्याळं, पतंग, आकाशकंदील, सगळ्यांना मिळून एक परिच्छेद पुरे. बाजाची पेटी तेवढी घे, कारण ती गमतीची आहे. सरांना पेटी दुरुस्त करता यायची, वाजवता अजिबात यायची नाही. सूर लागला की नाही हे तपासायला ते मला हाक मारायचे.

‘कुटुंबवत्सल’ या शब्दाचं काय करायचं? तो खोडून त्या जागी ओट्यावरची विळी लिही. आजीचे गुडघे धरले, खाली बसवेना, तेव्हा सरांनी विळीच्या पाटाखाली स्क्रूचा चाप बसवून ती ओट्याच्या कडेला आवळता येईल अशी केली. पहिल्यांदा केली ती उंच झाली, आजीचा खांदा दुखायला लागला. मग तिला ओट्याशी उभी करून कोपरापासून माप घेतलं आणि दुसरी केली. ती अजून तुमच्या घरी आहे, कालच तुझी आई तिच्यावर नारळ खवत होती.

आणि हो, दुसरी बाजूही लिही. सरांनी शिकवण्या घेतल्या नाहीत. गावात त्यांचं तत्त्व म्हणून याचं कौतुक होतं, आणि ते होतंच. पण त्या संध्याकाळी त्यांना पिंपाभोवती फिरायचं होतं, हेही तितकंच खरं. शिकवण्यांचे पैसे आले असते तर तुझ्या वडिलांना चुलतभावांचे उतरवलेले शर्ट घालावे लागले नसते. त्यांना विचार, ते हसून सांगतील, पण सांगतील. हत्यार जागेवर परत गेलं नाही की सरांचा पारा चढायचा, मग समोर कोण आहे ते बघत नसत. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली होती. रिकामी आकृती दिसली की घरात सगळे चिडीचूप. हे लिहिल्याने आजोबा लहान होणार नाहीत. न लिहिलं तर मात्र वाचणाऱ्याला वाटेल, असा माणूस आपल्या घरात होणं शक्यच नाही, आणि तो पान उलटेल.

वस्तूंचं काय करू, असंही विचारलंयस. हत्यारं काचेच्या कपाटात ठेवू नका, गंजतील आणि उगाच देवघर होईल. रंधा, पटाश्या, गिरमिट त्या मिस्त्रींच्या नातवाला द्या, तो अजून धंद्यात आहे. फळी मात्र ठेवा. घरात तेवढी शिस्त बरी.

निरीक्षणांच्या वह्या कुणालाही देऊ नकोस. आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नकोस, कागदाचा जीव जातो त्यात. सपाट ठेवून एकेका पानाचा फोटो काढ, मग पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेला दाखव. १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांची ती जुनी संस्था आहे, त्यांना अशा वह्यांची किंमत कळेल. त्या वह्यांत शेवटच्या रकान्यात सर एक गोष्ट टिपायचे, पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावणारा काय बोलला ते, त्याच्याच भाषेत. शनी बघून एक पोरगं म्हणालं होतं, "सर, आत स्टिकर चिकटवलाय व्हय?" दुसरीकडे १९९५ ची पानं बघ. त्या वर्षी शनीची कडी आपल्याला अगदी धारेवर आली, कागद आडवा धरल्यावर दिसतो तशी, म्हणजे जवळजवळ दिसेनाशीच. पोरं म्हणाली, "फसवलं, कडीच नाय." सरांनी ते जसंच्या तसं लिहून खाली तारीख घातली आहे. स्मरणिकेत आजोबांचे सुविचार छापायचे म्हणतेस ना, त्याऐवजी हा रकाना छाप. सुविचार त्यांनी कधी सांगितलेच नाहीत, ते तू कुठून आणलेस देव जाणे.

नवा मजकूर पंधरा दिवसांत पाठव. लांबला तरी चालेल, कापायला मी आहे. आजीचं नाव पहिल्या पानावर आलं पाहिजे, आणि नुसतं ‘पत्नीची साथ लाभली’ असं नको, तसं दिसलं तर पुन्हा परत पाठवीन. मिस्त्रींचं नाव त्यांच्या घरच्यांना विचारूनच छाप.

आईबाबांना नमस्कार, तुला अनेक आशीर्वाद.

तुझी,
बाई

ता. क. आरशावर धूळ बसली आहे म्हणून परवा तू त्याला सदऱ्याच्या टोकाने पुसायला निघाली होतीस, ते मी पाहिलं. कोरडा कधीच पुसायचा नाही, ॲल्युमिनियमचा थर केसाच्या हजाराव्या भागाएवढा पातळ असतो. आधी नळाच्या संथ धारेखाली धर, मग साबणाच्या पाण्यात बुडवलेला कापूस न दाबता फिरव, दर फेरीला नवा बोळा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतून उभा करून वाळव. आणि हातातली अंगठी आधी काढून ठेव.